शपथेच्या आधीची करवत

रेमी फोर्तिए वाईट खेळाडू असता तर बरं झालं असतं. काढून टाकता आला असता. पण तो डाव्या बाजूने असा सुटायचा, की समोरच्यांना नुसता वारा लागायचा. म्हणून चार हिवाळे आम्ही त्याला ठेवून घेतला आणि चार हिवाळे त्याने माझ्या नाकी नऊ आणले.

मी हॉलो लेक गावाच्या आइस हॉकी संघाचं सामान सांभाळायचो. एकतीस वर्षं. स्केटना धार लावायची, मोजे रफू करायचे, घामेजलेले हातमोजे शेगडीवर वाळवायचे आणि मॅचच्या आधी सगळ्यांचे खोटे दात कागदी पेल्यांत गोळा करून वर नावं चिकटवायची. आमच्या अख्ख्या संघात मिळून पुढचे खरे दात नऊ होते. त्यातले आठ गोलकीपरचे, कारण तो मुखवटा घालायचा. हे सगळं सामान एका हिरव्या लाकडी पेटीत राहायचं आणि पेटीच्या किल्ल्या माझ्या पट्ट्याला. पोरं मला गीदो म्हणायची. आमच्या युक्रेनी घरांत आजोबाला गीदो म्हणतात. संघात युक्रेनी मी एकटाच, पण फ्रेंच असो, आइसलँडवाला असो, मेनोनाइट पंथाचा असो, काही लपवायचं असलं की सगळ्यांना मी आजोबा वाटायचो.

आणि लपवायचं सगळ्यात जास्त रेमीला असायचं.

एकदा त्याने आमच्या एका आडदांड बचावपटूच्या स्केटच्या पात्यांना खालून पारदर्शक चिकटपट्टी लावली. तो गडी छाती काढून बर्फावर उतरला आणि पोटावर घसरत पार पलीकडच्या गोलात जाऊन बसला. त्या मोसमातला आमचा पहिला गोल तोच, फक्त धरला नाही. एकदा रेमीने पेल्यांवरची नावं बदलली. आमचा कॅप्टन मॅचनंतर सासुरवाडीला जेवायला गेला तो लॉर्न फ्रीसनचे दात लावून. लॉर्नचा जबडा घोड्यासारखा. सासरे जेवण संपेपर्यंत विचारत होते, "जावईबापू, एवढं हसायला काय झालं?" मी रेमीला फैलावर घ्यायचो. तो मान खाली घालून ऐकायचा. मग घरी गेल्यावर कळायचं, की माझ्या टोपीच्या आत बुटाचं काळं पॉलिश आहे. बायको, नेटी, दारातच हसायला लागायची आणि मी कपाळाला हात लावला की हातही काळा.

हे सगळं मी गिळलं. पण उपांत्य सामन्यात त्याने कहर केला. सरावासाठी म्हणून कॅप्टनच्या स्केटला लावलेली ती चिकटपट्टी काढायची राहिली. शेवटच्या मिनिटाला कॅप्टन आडवा झाला, आमच्यावर गोल चढला, आणि जिंकलेली मॅच जादा वेळेत पुन्हा जिंकावी लागली.

दुसऱ्या दिवशी थेल्मा रायमर माझ्या घरी आली. थेल्मा आमच्या क्लबची अध्यक्ष. बर्फाच्या रिंकवरच्या स्वयंपाकघरात पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, तळता तळता ती अख्खं गाव चालवायची. तिने कोटही काढला नाही.

"ओरेस्ट, पेटी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग पेटीतल्या वस्तूचं उत्तर कोण देणार?"

"मीच. पण थेल्मा, तो रेमी..."

"रेमीचं नाव मी काढलंय का? पोरं पोरंच असतात. पेटीला राखणदार कशाला ठेवलाय मग? फायनलला सामानात एवढीशी भानगड निघाली, तर किल्ल्या माझ्या हातात द्यायच्या. मला वाद नकोय."

नेटीने तिला कॉफी दिली, ती तिने उभ्यानेच प्यायली आणि गेली. मी बराच वेळ पट्ट्यावरच्या किल्ल्या चाचपत बसलो. तुम्ही म्हणाल, ओल्या मोज्यांची पेटी ती, गेली तर गेली. पण एकतीस हिवाळे माणूस ज्या वासात राहतो, तो वास त्याचा होतो. आणि एकोणीस वर्षांत कप आमच्या गावात आला नव्हता. तो येईल तेव्हा मला पेटीवर बसून बघायचा होता, बायकांच्या बाकावर घोंगडी पांघरून नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी रेमीला धार लावायच्या यंत्रापाशी उभा केला आणि त्याच्याकडून शपथ घेतली. आईची. त्याची आई साडेचार फुटांची होती आणि अख्ख्या फ्रेंच वस्तीत तिच्या हातच्या लाटण्याला मान होता, तेव्हा शपथ खोटी नव्हती.

"आजपासून एकही खोडी नाही, गीदो."

"चिकटपट्टी?"

"नाही."

"मोज्यांत मोहरी?"

"नाही हो."

"माझी टोपी?"

त्याने जरा विचार केला. "बरं, तीही नाही."

फायनल पुढच्या रविवारी दुपारी होती, ब्रँडल गावाशी, त्यांच्याच रिंकवर. ब्रँडलचा कोच क्लेम ऑस्ट्रँडर. तरुणपणी मी आणि क्लेम एकाच संघात होतो, त्यामुळे तो किती पोहोचलेला आहे ते मला ठाऊक होतं. पाहुण्यांच्या खोलीत तो शेगडी अशी पेटवायचा, की मागच्या वर्षी आमचा गोलकीपर घामाने अर्धा झाला आणि त्याचं पॅड त्याच्याभोवती फिरायला लागलं. तो समोर बघत होता आणि पॅड मागे. दाराच्या मुठीला क्लेम मेपलचा पाक लावायचा. खोलीपासून बर्फापर्यंतच्या रबरी पट्टीवर चिमूटभर वाळू टाकायचा, म्हणजे आमच्या स्केटची धार बर्फाला लागायच्या आधीच मेलेली. ह्याला तो पाहुणचार म्हणायचा.

त्या रविवारी मी सगळ्याची तयारी करून गेलो. झाडू नेला आणि पट्टी झाडली. मूठ पुसली. शेगडीवर बादलीभर बर्फ ओतला. मग दार लावून पेटीतली वस्तू न् वस्तू बाहेर काढली. प्रत्येक पात्यावर नख फिरवलं, प्रत्येक मोज्यात हात घातला, दातांचे पेले दोनदा मोजले. पोरं वैतागली.

"गीदो, माझ्या चड्डीत काय बघताय?" लॉर्न म्हणाला.

"तुझी हौस नाही मला. उलटी कर."

फक्त एक वस्तू मी सोडली. लॉर्नची वाकडी स्टिक.

लॉर्नकडे दोन स्टिक होत्या. एक साधी, सरळ पात्याची. दुसरीला आम्ही केळं म्हणायचो. तिचं पातं त्याने वाफेवर धरून असं वाकवलं होतं, की त्यावरून सुटलेला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, हवेत वळून गोलकीपरच्या कानामागून आत जायचा. नियमात अर्धा इंच वाक चालतो. केळ्याला चांगला पाऊण होता. समोरचा संघ स्टिक मोजायला लावू शकतो. मोजून वाक जास्त निघाला, तर खेळाडू दोन मिनिटं बाहेर. नाही निघाला, तर मागणी करणाऱ्यांचाच एक गडी दोन मिनिटं बाहेर. म्हणून लॉर्न केळं सरावाला कधीमधी काढायचा, मॅचमध्ये मात्र अगदी गळ्याशी आल्यावरच. बाकी वेळ ते त्याच्या आईच्या निळ्या चौकटीच्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं, आणि गाठ लॉर्नशिवाय कोणी सोडायची नाही. एकदा गोलकीपरने सोडली होती, तर आम्ही ओळीने सहा मॅच हरलो. हे मी सांगत नाही, तक्ता सांगतो. आमच्यात माणसं बायकोशी खोटं बोलतील, पण दुसऱ्याच्या शकुनाला हात लावणार नाहीत. तेव्हा मीही फडक्याला हात न लावता पेटी बंद केली.

"रेमी, आणखी काही?" मी शेवटचं विचारलं.

"काही नाही गीदो. आईची शपथ."

तो खोटं बोलत नव्हता, हाच तर माझा संताप आहे.

मॅच सुरू झाली. क्लेम समोरच्या बाकामागे उभा राहून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता आणि टरफलं आमच्या बाजूला थुंकत होता. त्यांनी एक केला, आम्ही एक केला. आम्ही दुसरा केला, त्यांनीही केला. त्यांच्या एका गड्याने आमच्या कॅप्टनच्या बुटाची नाडी स्टिकच्या टोकाने सोडवली. आमच्या एकाने त्यांच्या गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीत काय घातलं ते मी बघितलं नाही, असं मी रेफरीला सांगितलं. रेफरी हॅल्व्हरसन आठवडाभर गुरांचा डॉक्टर होता आणि रविवारी आमचा. दोन्हीकडे त्याचा चेहरा सारखाच वैतागलेला असायचा.

चार मिनिटं उरली, दोन-दोन. खेळ थांबला आणि लॉर्न बाकापाशी आला. त्याने साधी स्टिक माझ्या हातात दिली.

"गीदो, केळं. पटकन गाठ सोडा."

"मी सोडू?"

"माझे हातमोजे ओले आहेत. आज चालेल. सोडा."

मी गाठ सोडली. फडकं बाजूला केलं आणि सवयीने अंगठा पात्यावरून फिरवला. लॉर्न पात्याला काळी पट्टी गुंडाळायचा ती टोकाकडून टाचेकडे. ही टाचेकडून टोकाकडे होती. पात्याच्या बरोबर मधे, पट्टीखाली, बारीक चर लागला. मी टोक जरा दाबलं. ते सैल दातासारखं हललं.

करवतीची खोडी आमच्यात जुनी आहे. पातं अर्ध्याच्या वर कापायचं, वरून पट्टी चढवायची, आणि सरावात पहिल्याच फटक्याला गड्याच्या हातात नुसता दांडा राहिला की सगळ्यांनी हसायचं. मी शेजारी बसलेल्या रेमीकडे बघितलं. त्याने माझ्या अंगठ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा बर्फासारखा झाला.

"गीदो," तो दाताशिवाय पुटपुटला, "ती... ती गेल्याच्या गेल्या गुरुवारची आहे. शपथेच्या आधीची. सरावाला काढेल वाटलं होतं. त्याने काढलीच नाही. मग मी विसरलो."

"विसरलास!"

"शपथेच्या आधीची आहे हो!"

मला त्याच्या डोक्यात तिथेच दातांचे पेले रिते करावेसे वाटले. मागे तिसऱ्या रांगेत थेल्मा बसली होती, मांडीवर हातबॅग घेऊन. केळं द्यायला नाही म्हणालो, तर लॉर्न कारण विचारणार, सगळ्या बाकाला कळणार, थेल्माला कळणार, किल्ल्या गेल्या. स्टिक दिली, तर पहिल्या फटक्याला मोडणार, तोंडचा गोल जाणार, कदाचित कप जाणार; आणि किल्ल्या तर गेल्याच. लॉर्न हात पुढे करून उभा. हॅल्व्हरसन शिट्टी वाजवून बोलावत होता.

तेवढ्यात समोर क्लेमचं चघळणं थांबलं. निळ्या चौकटीचं फडकं त्याने बघितलं होतं. त्याची नजर स्टिकवर, पण मन डळमळत होतं. चार मिनिटं असताना मागणी चुकली तर त्याचाच गडी बाहेर. त्याला खात्री हवी होती.

ती मी दिली. मी कोट पसरला, स्टिक त्याच्याआड धरली, आणि माझा बहिरा मेहुणाही ऐकेल अशा आवाजात कुजबुजलो, "लॉर्न, लपवून धर रे! पातं दिसू देऊ नकोस! आणि रेफरी चकती टाकेपर्यंत जमिनीला लावू नकोस!"

लॉर्न माझ्याकडे बघतच राहिला. "गीदो, वेड लागलं का? ओरडताय कशाला?"

"जा!"

तो गेला. दहा फूटही गेला नसेल, क्लेम कठड्यावर चढला.

"हॅल्व्हरसन! मोजा! ती स्टिक मोजा! त्या म्हाताऱ्याचं तोंड बघा, चोराचं तोंड आहे!"

"माझं तोंड तीस वर्षं असंच आहे!" मी ओरडलो. आणि मग, आग आणखी पेटावी म्हणून, "नका मोजू, साहेब! वेळ जातोय!"

आमचा कोच माझ्याकडे वळला. डोळ्यांनीच विचारत होता, की ह्याला झालंय काय. लॉर्न केळं छातीशी धरून उभा होता, जणू कोणी त्याचं बाळ मागत होतं. हॅल्व्हरसनने उसासा टाकला, स्टिक घेतली, खिशातून पत्र्याचं माप काढलं आणि वासराचा पाय धरावा तशी स्टिक गुडघ्याखाली दाबली. पातं वर आलं. त्याने माप लावलं, ते नीट बसेना, म्हणून अंगठ्याने टोक खाली रेटलं.

कडाक.

हॅल्व्हरसनच्या एका हातात टोक होतं, गुडघ्याखाली टाच. तो दोन्हीकडे आळीपाळीने बघत होता.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत रेफरीच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"तुकडे मोजा!" क्लेम किंचाळला.

हॅल्व्हरसनने एक तुकडा मापावर ठेवला, मग दुसरा. "क्लेम, हा सरळ आहे. हाही सरळ आहे. मी आता वाकडं काय दाखवू तुला?"

"जोडून मोजा ना!"

"कशाने? थुंकीने? तक्रार सिद्ध नाही. ब्रँडलचा एक गडी दोन मिनिटं बाहेर."

क्लेमच्या तोंडातल्या बिया बाहेर आल्या. त्या त्याने तशाच कठड्यावर सोडल्या. लॉर्नला रडू फुटायचंच बाकी होतं. मी त्याच्या हातात साधी स्टिक कोंबली. "आता हिनेच मार. रडायचं घरी."

एक गडी जास्त असताना आम्ही दीड मिनिट नुसता गोंधळ घातला. शेवटी लॉर्नने चिडून सरळ स्टिकने सरळ फटका हाणला. तो गोलापासून हातभर बाहेर जात होता. मधे रेमी होता, गोलकीपरला पाठ लावून त्याला सतावत. पक त्याच्या बुडाला लागला, वळला आणि आत गेला. रेमी तिथेच बसला, मग आठ दिवस बसला नाही. तीन-दोन. एकोणीस वर्षांनी कप.

खोलीत पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, कोणाला स्वतःचे दात सापडत नव्हते. तेवढ्यात थेल्मा आत आली. पुरुषांच्या खोलीत यायला तिला कधी लाज वाटली नाही. तिने हातबॅगेतून केळ्याचे दोन तुकडे काढले आणि माझ्या पेटीवर ठेवले.

"ओरेस्ट, लाकूड असं मोडतं? अर्धं लोण्यासारखं गुळगुळीत, अर्धं फाटलेलं?"

लॉर्न पुढे आला, त्याने तुकडा उचलला आणि बघितला.

"कोणी कापली?" थेल्मा म्हणाली.

रेमीने तोंड उघडलं. तो बोलणार होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. मी त्याच्या हातात त्याचा पेला कोंबला. "आधी दात लाव," म्हणालो, आणि थेल्माकडे वळलो. "मी कापली. क्लेमला फसवायला."

"तू?"

"मी."

"तुला सुईत दोरा ओवायला नेटी लागते."

"करवतीला दोरा लागत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग रेमीकडे, जो पेला धरून उभा होता, दात आतच. चार मिनिटं उरलेली असताना मी कोट पसरला तेव्हा रेमीचा चेहरा तिने बघितला नसेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या रांगेतून सगळं दिसतं.

"बरं," ती म्हणाली. "मी काय बोलले होते?"

मी किल्ल्या काढल्या. इतकी वर्षं वजन होतं, ते गेल्यावर पट्टा वर सरकला. विजार घसरेल म्हणून मी एका हाताने धरून उभा राहिलो. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

थेल्माने किल्ल्या हातात खेळवल्या, दोन पावलं टाकली आणि रेमीच्या पेल्यात टाकल्या, दातांवर.

"पुढच्या मोसमापासून पेटी तुझ्याकडे," ती म्हणाली. "डावी बाजूही खेळायची आणि हीही सांभाळायची. एक मोजा हरवला तर उत्तर तू द्यायचं. आता कप बसमध्ये न्या, पिरोगी थंड होतायत."

पेटीवर बसून कप बघायचा राहिलाच. बसमध्ये मी पेटीला टेकून बसलो. लॉर्नने कप माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत राहिला. केळ्यासाठी तो माझ्याशी नाताळपर्यंत बोलला नाही.

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला. तिसऱ्याच आठवड्यात, दुपारच्या कॉफीच्या वेळी, रेमीचा फोन आला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. तो माझा आवाज होता, चार वर्षांपूर्वीचा.

"गीदो, ह्या माणसांनी माझं डोकं फिरवलंय! सगळ्या मोज्यांची तोंडं शिवून टाकलीत! बारीक टाके, गाठ दिसत नाही! रविवारी दोन स्केटना खालून चिकटपट्टी होती. मी एकेकाला आईची शपथ घालतोय आणि एकेक जण खाली बघून हसतोय. थेल्मा म्हणते, उत्तर दे. मी काय उत्तर देऊ? रिंकच्या मागच्या दाराची जादा किल्ली कोणाकडे असते, तुम्हाला माहीत आहे का?"

"कल्पना नाही बाबा," मी म्हणालो.

"एकतीस वर्षं तुम्ही हे कसं सहन केलंत?"

"रोज सकाळी सगळ्या पात्यांवर नख फिरवायचं," मी म्हणालो. "आणि टोपी घालायच्या आधी आत बघायचं."

पलीकडे टोपी काढून आपटल्याचा आवाज आला, आणि मग फ्रेंचमध्ये बरंच काही, जे त्याच्या आईने ऐकलं असतं तर लाटणं घेतलं असतं. मी फोन ठेवला. टेबलापलीकडे नेटी सुईत दोरा ओवत होती.

"आणखी किती जोड आहेत?" तिने वैतागून विचारलं.